यार्डातली टोपी पांढरी नसते

‘सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा निकॉनचा जुना कॅमेरा घरीच राहिला. गेल्या वर्षी मी तो हातात घेतला. सौदे, हमाल, हळदीचे ढीग, कृष्णेचा घाट, जे दिसेल ते काढते. मुलाने सांगितलं, “आई, रॉ मध्ये काढत जा.” तेव्हापासून रॉ काढते आणि तेव्हापासूनच फोटो मरगळलेले दिसतात. दुकानातल्या पोराच्या मोबाइलवर तोच ढीग झळझळीत येतो. रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप घेऊन बसते, स्लायडर ओढते, तर हळद एकदा केशरी होते, एकदा हिरवट. ४,२०० फाइली साठल्यात, त्यातल्या ११ पुऱ्या झाल्या. मुलगा म्हणतो पैसे भरून सॉफ्टवेअर घे. आमचे हे म्हणतात, हा सगळा फोटोचा मेकअप, खरा फोटो असा नसतोच. मी रॉ सोडून देऊ का? सोबत एक फाइल पाठवतेय.’
– हळदवाली, सांगली

ताई,

तुमची फाइल आधी उघडली, पत्र नंतर वाचलं. गावभागात पंचवीसेक वर्षं स्टुडिओ चालवल्यावर लागलेली खोड आहे ही. माणूस काय सांगतोय त्याच्या आधी फोटो काय सांगतोय ते बघायचं.

फोटो चांगला आहे. पोतं फाडलंय, चार-पाच खरेदीदार वाकलेत आणि मधल्याने हळकुंड मोडून आतला रंग उजेडाकडे धरलाय. वरच्या पत्र्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा नेमका त्या मोडलेल्या तुकड्यावर पडलाय. ही जागा आणि ही वेळ बाहेरून कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला सापडत नाही, तिथे रोज बसणाऱ्यालाच सापडते. तेव्हा रॉ सोडायचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी तो मरगळलेला का दिसतो ते बघू.

तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून काम सोपं झालं. रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आपली कीर्द. दिवसभरात जे आलं-गेलं ते सगळं त्यात उतरलेलं, बेरीज न मारलेलं. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला नेहमीचा फोटो, हा ताळेबंद, आणि तोही असा की मांडून झाल्यावर कॅमेऱ्याने कीर्द रद्दीत घातली. ताळेबंद वाचायला सोपा, कीर्द बघून कुणाला आनंद होत नाही. पण एखादा आकडा चुकला तर दुरुस्ती कुठे होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आकड्यांतच बोलायचं तर जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या मिळतात. रॉ मध्ये कॅमेऱ्यानुसार ४,०९६ किंवा १६,३८४. हळदीच्या ढिगावरचा उजेड किती हळूहळू उतरतो ते तुम्ही रोज बघता. २५६ पायऱ्यांत तो उतार मांडल्यावर तुम्ही जोरात ओढलात की पायऱ्या सुट्या दिसायला लागतात, आपण ज्याला ‘फोटो फाटला’ म्हणतो ते होतं. पायऱ्या जास्त असल्या की ओढायला जागा राहते. रॉ चा मोठा फायदा तो हाच, जादू काही नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बरा दिसतो, लॅपटॉपवर उघडला की क्षणभर तसाच बरा दिसतो आणि मग डोळ्यांदेखत उतरतो. फाइल बिघडत नाही. कॅमेरा रॉ च्या पोटात एक छोटा जेपेग ठेवतो, आधी दिसतो तो. त्यात निकॉनने स्वतःचा कॉन्ट्रास्ट, रंग, धार सगळं घातलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्या सूचना बहुधा वाचत नाही, ते आपल्या पद्धतीने कीर्द उघडतं. आणि मोबाइलशी तुलना तर करूच नका. तो एका टिचकीत अनेक फ्रेम घेतो, एकमेकींवर रचतो, सावल्या उचलतो, रंग चढवतो आणि मगच दाखवतो. यजमानांना विचारा, त्या मेकअपचं काय?

आता हळद. तुमची तक्रार खरी आहे, आणि दोष स्लायडरचा नाही. पिवळा रंग कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त चकवतो असं माझं मत आहे.

सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाला, रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच असते: निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर या मांडणीचं १९७६ चं पेटंट आहे आणि आजही बहुतेक कॅमेरे त्याच मांडणीवर चालतात. हळदीच्या ढिगासमोर कॅमेरा धरला की लाल आणि हिरवे ठिपके काठोकाठ भरतात, निळे जवळजवळ रिकामे राहतात. त्यात तुमचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर आहे, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते तो स्वतःच ठरवतो. चौकटभर पिवळं बघून त्याचा समज होतो की उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा ओततो. हळद फिकी पडते. पुढच्या फ्रेममध्ये ढीग थोडा कमी आणि माणसं जास्त आली की तो निळा ओतायचं थांबवतो, हळद केशरी. वर तुमच्या शेडला मधेमधे हिरव्या फायबरचे पत्रे आहेत, फोटोत दिसतात. हिरवटपणा तिथून येतो. एकाच सौद्यात तीन रंगांची हळद आली यात नवल नाही.

यावर पहिला इलाज अगदी साधा. यार्डात शिरताना व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ या खुणेवर टाका आणि विसरून जा. रॉ मध्ये तो नंतर हवा तसा बदलता येतो, मग आधी ठरवायचा कशाला असं कुणी म्हणेल. ठरवायचा एवढ्यासाठी की दिवसभराच्या फाइली एका रेषेत येतात. एक दुरुस्त केली की तीच दुरुस्ती बाकीच्या पन्नासांवर एकदम चिकटवता येते.

दुसरं, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर, म्हणजे ‘हा भाग पांढरा समज’ असं सॉफ्टवेअरला दाखवायची खूण. तो कुठे टेकवला होतात ते मला फाइलवरून कळलं नाही, पण अंदाज बांधतो: डावीकडच्या हमालाच्या टोपीवर. मीही तेच केलं असतं, पुस्तकात लिहिलंय ना पांढऱ्यावर टेकवा म्हणून. पण ताई, हंगामात यार्डातली एकही टोपी पांढरी नसते. डोळ्याला पांढरी वाटते, कारण डोळा सांभाळून घेतो. ड्रॉपर सांभाळून घेत नाही. त्याला तुम्ही पिवळ्या टोपीला पांढरी म्हणायला लावलंत की तो सगळ्या फोटोतून तेवढा पिवळा काढून टाकतो आणि खरेदीदारांचे सदरे निळसर होतात. त्यापेक्षा एक ग्रे कार्ड (कुठल्याच रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड) घेऊन पर्समध्ये ठेवा, सौदा सुरू व्हायच्या आधी त्याच उजेडात त्याचा एक फोटो काढा. नंतर ड्रॉपर त्यावर.

तरीही एक पिवळेपणा उरेल. ढिगावर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशी पिवळी झाक दिसेल. ती हळदीवरून उसळलेल्या उजेडाची आहे, खरी आहे. ती पुसू नका.

तिसरं एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोला उजेड किती द्यायचा त्याचं. हिस्टोग्राम, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत कुठे किती ठिपके आहेत ते दाखवणारा आलेख, तुम्ही बघता असं दिसतं, पण एकच पांढरा डोंगर बघत असाल. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दिसायची सोय असते, ती चालू करा. तुमच्या फाइलीत पांढरा डोंगर उजव्या भिंतीच्या (पूर्ण उजेडाच्या टोकाच्या) बराच अलीकडे आहे आणि लाल मात्र भिंतीवर चढलाय. म्हणजे एकूण फोटो जळलेला नाही पण उन्हाच्या पट्ट्यातल्या हळदीचा लाल जळलाय. म्हणून तिथे हळकुंडाच्या सालीवरच्या रेषा नाहीत, नुसता पिवळा डाग आहे. पुढच्या वेळी एक्स्पोजर उणे ०.७ वर न्या. सावल्या थोड्या काळ्या होतील, त्या नंतर उचलता येतात. जळलेलं रॉ मधूनही परत येत नाही, फार तर थोडंसं येतं. कीर्दीत नोंदच झाली नाही तर खातं कुठून निघणार?

(आणि आतल्या माहितीसाठी: तो हिस्टोग्रामही पोटातल्या जेपेगवरून काढलेला असतो. पिक्चर कंट्रोल, म्हणजे कॅमेऱ्याची रंगाची ठेवण, ‘व्हिव्हिड’वर ठेवला असेल तर ‘न्यूट्रल’ करा, म्हणजे तो कमी खोटं बोलेल.)

एडिट करताना माझा क्रम असा असतो: आधी व्हाइट बॅलन्स, मग एकूण एक्स्पोजर, मग हायलाइट (उजळ भाग) खाली, शॅडो (सावलीचा भाग) थोडा वर, मग काळा. शॅडो फार वर नेलात की काळा परत खाली बसवावा लागतो, नाहीतर फोटोवर राख पसरल्यासारखी दिसते. रंगाला हात सगळ्यात शेवटी. आणि हळदीच्या बाबतीत मी एक उलटं काम करायला सांगणार आहे. पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवायचं नाही, थोडं कमी करायचं, पाच-दहाने. पिवळ्याची आणि केशरीची ल्युमिनन्सही (उजळपणा) जराशी खाली. तुम्ही म्हणाल आधीच मरगळलेला, त्यात हे. करून बघा. रंग काठोकाठ भरलेला असला की त्यात पोत दिसत नाही. थोडा ओसरला की हळकुंडाची गाठ दिसते, माती दिसते, बोट लागलेली जागा दिसते. मोबाइलवरचा झळझळीत ढीग मोठा करून बघा, त्यात हळद नसते, रंग असतो.

पण नेमका किती? इथे मी तुम्हाला आकडा देणार नाही, कारण या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा जाणत्या आहात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग काय असतो हे मी बातमीत वाचलं, तुम्ही एकोणीस वर्षं समोर बघितलंय. खरेदीदार हळकुंड मोडतो ते आतला रंग बघायलाच ना? तेच तुम्ही घरी करा. ज्या मालाचा फोटो काढलात त्यातली दोन हळकुंडं मागून घ्या, एक मोडा, आणि दोन्ही लॅपटॉपशेजारी ठेवून बसा. वरची साल आणि आतला गर, दोन्ही रंग पडद्यावर तसे दिसेपर्यंत स्लायडर हलवा. महागडे फोटोग्राफर यासाठी रंगांचे तक्ते विकत घेतात.

मात्र हे रात्री करू नका. तुम्ही जेवणं आटपल्यावर बसता, आणि बहुतेक लॅपटॉपांत संध्याकाळनंतर पडदा पिवळसर करणारा ‘नाइट लाइट’ असतो. तो चालू असेल तर पिवळ्या पडद्यावर तुम्ही पिवळ्याचा हिशेब करताय. सकाळी उघडलं की सगळं निळं किंवा हिरवट. तो आधी बंद करा. शिवाय घरातल्या बल्बखाली ते हळकुंडसुद्धा खरा रंग दाखवणार नाही. रविवारी सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडद्यावर येणार नाही असं बसा. आठवड्याला एक तास पुरे. पडद्याचा उजेड अर्ध्याच्या आसपास ठेवा, पूर्ण ठेवलात तर छापून आलेला फोटो काळोखा वाटेल.

मेकअपच्या मुद्द्यावर मात्र यजमानांना एकदम उडवून लावू नका, त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि ते मला महागात पडून कळलंय. फिल्मच्या काळातही आम्ही डार्करूममध्ये हाताची सावली धरून चेहरा उजळ करायचो, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो. गिऱ्हाइकालाच हवं असायचं. पासपोर्टला आला तरी म्हणायचा, जरा गोरा करा. डिजिटल आल्यावर हे एका स्लायडरवर आलं आणि माझा हात सुटला. एका लग्नाचा अल्बम मी असा काही उजळला की मुलीचे वडील चार दिवसांनी दुकानात आले, अल्बम काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “फोटो झ्याक हाईत. पर ही आमची पोरगी न्हाई.” भांडले असते तर बरं झालं असतं. सगळा अल्बम पुन्हा केला, पैसे वाढवून मागायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून माझी एक रेघ आहे: उजेड दुरुस्त करायचा, माणूस नाही. तुमच्या फोटोत हमालांचे चेहरे सावलीत आहेत. शॅडोचा स्लायडर सगळ्या फोटोवर लावून तुम्ही ते उचललेत आणि कातडी राखाडी झाली. सावळ्या रंगाचं असं होतं, त्यातली ऊब आधी जाते. सबंध फोटोचा शॅडो परत खाली आणा. फक्त चेहऱ्यांपुरता मास्क करून एक्स्पोजर थोडं वाढवा, अर्ध्या स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त नाही, आणि वाटल्यास किंचित उबदार करा. उन्हात काम करणारा माणूस आहे तो, तसाच दिसू दे.

सॉफ्टवेअरसाठी पैसे भरू नका, निदान वर्षभर. निकॉनचंच ‘एनएक्स स्टुडिओ’ फुकट आहे. त्याचा तुम्हाला मोठा फायदा असा की ते निकॉनच्या सूचना वाचतं, त्यामुळे रॉ कॅमेऱ्यात दिसला तसाच उघडतो. मरगळीचा पहिला धक्का बसत नाही. हात बसला आणि आणखी काही करावंसं वाटलं की ‘डार्कटेबल’ बघा. तेही फुकट आहे, ताकदीचं आहे, पण त्यातली बटणं बघून पहिल्या दिवशी माणूस लॅपटॉप मिटतो, म्हणून घाई नको. लाइटरूम उत्तम आहे. पण ११ फोटोंसाठी दरमहा भाडं कशाला? मुलाला सांगा, पैसे द्यायचेच असतील तर हार्ड डिस्क घेऊन दे. दोन.

कारण आता त्या ४,२०० फाइलींकडे यायचंय. एक फाइल साधारण २५ एमबीची धरली तर १०५ जीबी होतात. लॅपटॉप गुदमरणारच. त्या सगळ्या एडिट करायच्या असतात हे तुमच्या डोक्यातून काढून टाका. एका हंगामाचे वीस फोटो निघाले तर मी खूश असायचो. पहिल्या फेरीत फक्त बघत जा, एकेका फोटोला दोन सेकंद, स्लायडरला हात लावायचा नाही. फोकस गेलेले, हललेले, डोळे मिटलेले थेट उडवा. रॉ फोकस परत आणत नाही. एकाच क्षणाचे आठ असतील तर एक ठेवा. दुसरी फेरी आठवड्याने. ज्याच्यापाशी पुन्हा थांबावंसं वाटलं त्यालाच तारा द्या. यजमानांना शेजारी बसवा, त्यांना मेकअप न केलेले फोटो बघायचेत ना, मग निवडायला मदत करू देत.

आणि यापुढे सहा महिने रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढा, कॅमेऱ्यात तशी सोय आहे. घाटावरचे, घरातले, वाढदिवसाचे फोटो जेपेगवर सोडून द्या, ते छान असतात. रॉ ला हात फक्त दोन ठिकाणी लावा: जिथे उजेड अवघड होता तिथे आणि जिथे रंग महत्त्वाचा आहे तिथे. आयर्विन पुलाजवळून सूर्यास्त काढलात तर तो पहिल्या प्रकारात येईल, आभाळ जळू न देता काढा आणि घाट नंतर उचला. सौदा दोन्ही प्रकारांत येतो.

डिस्क दोन म्हणालो, त्यातली एक पुण्याला मुलाकडे ठेवा. हे मी मुद्दाम सांगतोय. २०१९ च्या पुरात माझ्या दुकानाच्या तळमजल्यावरचं कपाट आठवडाभर पाण्यात होतं. २००५ च्या पाण्याने जिथवर खूण केली होती त्याच्या वरच्या फळीवर मी निगेटिव्ह ठेवल्या होत्या, शहाणपणा म्हणून. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर फिल्मच्या काळातली सगळी लग्नं एकमेकांना चिकटून एक लादी झाली होती. आपल्या गावात ‘वरच्या फळीवर ठेवलंय’ याला बॅकअप म्हणत नाहीत.

लेन्स यार्डात बदलू नका, तेवढी हळद सेन्सरला लागायला एक झुळूक पुरते. लेन्स घरून लावून निघा, परत आल्यावर कॅमेरा ब्लोअरने झाडा. फुंकर नको, फुंकरीत थुंकी असते.

तुमची फाइल मी एडिट करून परत पाठवत नाही. ती तुमच्या शेजारच्या हळकुंडावरून तुम्हीच करा आणि दहा दिवसांनी, पहिली न बघता, तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून करा. दोन्ही मला पाठवा. आणि हंगाम संपायच्या आत त्याच कोपऱ्यात, पत्र्याच्या त्याच फटीखाली, त्याच वेळेला पुन्हा उभ्या राहा. या वेळी शटरचा वेग १/६० सेकंद नको, १/२५० ठेवा, त्यासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. हळकुंड मोडणाऱ्या त्या हाताचा अंगठा हललाय.